लिनक्सवाल्यांनो, आधी प्रिंटर चालू करून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पेपरात विंडोज १० बंद होण्याबद्दल माहिती आली होती आणि खाली सल्ला होता की ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही त्यांनी सरळ नवीन मशीन घ्यावं. त्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं. पण लिहायला बसलो तर निम्मं म्हणणं पेपराला उद्देशून आणि निम्मं आमच्याच लिनक्सवाल्या मंडळींना उद्देशून निघालं (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीनवर टाकता येणारी फुकट आणि खुली सिस्टम), तर दोन्ही लिहितो, जागा असेल तेवढं छापा.

मी कराडला कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पतसंस्था, वाचनालयं, शाळा, दूध संस्था, एखाद-दुसरी ग्रामपंचायत, असं सगळं गिऱ्हाईक. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले, घरगुती वापरणाऱ्यांना सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय ठेवलीय पण त्यासाठी आपणहून नोंदणी करावी लागते आणि आमच्याकडे बऱ्याच जणांना हे माहीतच नाही. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. आता खेड्यापाड्यातल्या ऑफिसात काय असतं, चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचं आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि ती जुनी फिरणारी हार्डडिस्क. म्हणजे ही सगळी मशीन कागदोपत्री बाद. पण मशीन बाद झालेलं नसतं हो, त्यातली हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली आणि लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार घातला की तेच मशीन मेल, बँकेची साइट, पत्रं, हिशेबाच्या शीट, यूट्यूब सगळं व्यवस्थित करतं, आणि मिंटच्या सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हे काही मी ऐकीव सांगत नाही, रोज बघतोय.

मग लोक का करत नाहीत? लायसनचे पैसे वाचतात, व्हायरसची कटकट कमी, हे सगळं पटतं त्यांना. अडतं ते दोनच ठिकाणी, प्रिंटर आणि मराठी.

एका वाचनालयाचं उदाहरण सांगतो, म्हणजे कळेल. तिथल्या ग्रंथपाल मॅडमचं सगळं काम एकाच मशीनवर, वर्गणीची यादी, नोटिसा, जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला जाणारी पत्रं. मिंट घातलं, मशीन पळायला लागलं, मॅडम खूश. मग त्यांनी जुनी नोटीस उघडली आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. कारण ती नोटीस युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत, नव्हतीच, डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, म्हणजे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात आणि फॉन्ट त्यावर मराठीचं रूप चढवतो, फॉन्ट नसला की खालचं उघडं पडतं. शिवाजी०१ या फॉन्टचं पण तेच. महाराष्ट्रातल्या कितीतरी ऑफिसांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा पत्रव्यवहार असा अडकलाय. यात लिनक्सचा काही दोष नाही, नवीन विंडोजवर फॉन्ट टाकला नाही तर तिथंही हेच दिसणार, पण मॅडमनी काय पाहिलं, की काल मराठी दिसत होतं आणि आज दिसत नाही. त्यांच्या जागी कोणीही असंच म्हणेल की लिनक्सनं माझी फाइल घालवली.

उपाय सोपा आहे, जुन्या मशीनवरची ती फॉन्टची फाइल उचलून लिनक्सच्या होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली की नोटीस पहिल्यासारखी दिसते. मग हळूहळू कन्व्हर्टरनं एकेक महत्त्वाची फाइल युनिकोडमध्ये आणायची. टायपिंगला आयबस नावाची सोय आहे, त्यात इनस्क्रिप्ट हा ठरलेला मराठी कीबोर्ड पण मिळतो, इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करायचं फोनेटिक पण मिळतं, ज्याची बोटं ज्याला बसलीत ते घ्यायचं. मॅडमना फोनेटिक हवं होतं, 'दुसऱ्या' मधला तो ऱ्य कसा काढायचा एवढंच दाखवावं लागलं. मग लिब्रेऑफिसच्या, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या फुकट सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये जाऊन भाषा हिंदीऐवजी मराठी केली, कारण फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर त्यामुळे आपला मराठी वळणाचा श आणि ल येतो, नाहीतर हिंदी वळणाचा. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या जीआरमध्ये ही अक्षरं कशी काढायची ते ठरवून दिलंय, आणि वाचनालयात बसणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच खुपतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ती पुण्यातली आहे आणि फार लोकांना माहीत नाही. लिनक्सवर आपल्या भाषा नीट दिसाव्यात म्हणून जे लोहित फॉन्ट आले ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं बनवलेले, म्हणजे श्री-लिपीवाल्यांनीच, आणि रेडहॅटनं ते २००४ मध्ये खुले करून टाकले. मुंबईच्या एक टाइपनं मुक्ता आणि बालू असेच खुले दिलेत. म्हणजे लिनक्सवर मराठी ही काही बाहेरून आलेली भीक नाही, आपल्याच माणसांनी केलेलं काम आहे ते.

आता प्रिंटर. मॅडमकडे तो छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर, गावोगावी झेरॉक्सवाल्याकडे दिसतो त्या जातीचा, टोनर स्वस्त आणि वर्षानुवर्षं चालणारा. पण असल्या बऱ्याच प्रिंटरची बोली कंपनीची स्वतःची असते, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या सर्वमान्य बोल्या त्यांना येत नाहीत, त्यामुळे कंपनीनं ड्रायव्हर नीट सांभाळला नाही की लिनक्सवर अडतं. तिथे माझी अख्खी दुपार गेली. शेवटी चालला, पण त्या दुपारी मी तिथे होतो म्हणून चालला! नवीन प्रिंटर घेणाऱ्यांनी खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का तेवढं बघावं, तसले प्रिंटर लिनक्स बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय आपोआप ओळखतो. पण जुना चांगला प्रिंटर लोक का टाकतील आणि का टाकावा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ही दुपारभराची मदत मिळाली की माणूस लिनक्सवर टिकतो. नाही मिळाली की आठवड्यात कोणाकडून तरी क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेतो. आणि ही मदत मागायला नवीन माणूस आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्याला काय देतो तर वाद देतो.

पाटणकडच्या एका शाळेतल्या सरांनी आमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर साधं विचारलं की उबंटू टाकलंय, प्रिंटर दिसत नाही, काय करू. (उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च ही सगळी लिनक्सचीच वेगवेगळी रूपं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात.) पहिलं उत्तर, उबंटू कशाला टाकलं, मिंट टाका. दुसरं, मिंट म्हणजे उबंटूच, डेबियन टाका. तिसऱ्यानं फेडोरा सांगितलं, चौथ्यानं आर्च, मग प्रोग्रॅम टाकायच्या पद्धतींपैकी स्नॅप चांगलं का फ्लॅटपॅक यावर रात्रीपर्यंत चाललं, आणि प्रिंटरचं मॉडेल कुठलं हे शेवटपर्यंत एकानंही विचारलं नाही. सर नंतर काही बोललेच नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ते सर शाळेसाठी स्वतःच्या वेळात हे करत होते.

कोणी असं समजू नये की मला वादच नकोत. उलट मी म्हणतो या वादांनीच लिनक्स घडलंय. २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि नेहमीचा डेस्कटॉप पार बदलून गेला, लोक चिडले, भांडले, आणि त्या भांडणातून माटे नावाचा डेस्कटॉप निघाला, मिंटवाल्यांनी सिनॅमन नावाचा बनवला. आज माझ्या पतसंस्थेतल्या कॅशियरला खाली डाव्या कोपऱ्यात मेनू मिळतो, त्याला काही नवीन शिकावं लागत नाही, तो त्या भांडणामुळे. कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं तर जे दिलं ते मुकाट वापरा, विषय संपला.

डेबियनचं बघा. वायफाय कार्डाला लागणारं फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, खुलं नाही म्हणून ते मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही हे त्यांचं तत्त्व होतं, त्यामुळे लॅपटॉपवर डेबियन टाकलं की वायफाय गायब, आणि वायफाय नाही तर फर्मवेअर डाउनलोड कसं करणार. वर्षानुवर्षं यावर चर्चा झाली, दोन्ही बाजूंना मनापासून बोलणारी माणसं होती, आणि शेवटी २०२२ मध्ये सगळ्या डेव्हलपरचं रीतसर मतदान होऊन ठरलं की असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं ते तसंच आलं. माझ्यासारख्याचा केवढा त्रास वाचला त्यानं! त्याआधी २०१४ मध्ये, मशीन चालू होताना बाकी सगळं सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमवरून तर असं पेटलं की डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं, आणि ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनी देवुआन नावाचं वेगळं काढलं, ते आजही चालू आहे. कोणी कोणाला बांधून ठेवलं नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या मशीनवर आपण पतसंस्थेच्या ठेवी सांभाळतो त्यात काय असावं काय नसावं याचं मतदान उघड्यावर होतं आणि कोणीही जाऊन वाचू शकतं.

स्नॅपचा वाद पण पोकळ नाही. उबंटूच्या २१.१० आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो, आणि जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला एवढा वेळ घ्यायचा की लोक दोनदा-तीनदा क्लिक करत बसायचे, मग तीन खिडक्या एकदम उघडायच्या. मिंटनं २०२० मध्येच स्नॅप बंद ठेवायचं ठरवलं, मी मिंट का सुचवतो त्याचं हे एक कारण. आणि वेलँडचा वाद तर थेट मराठी टायपिंगपर्यंत येऊन पोचतो. पडद्यावर खिडक्या दाखवायचं काम करणारं जुनं एक्स-११ जाऊन त्याच्या जागी वेलँड येतंय, उबंटूच्या मुख्य डेस्कटॉपमधून २५.१० ला एक्स-११ काढूनच टाकलं. सिक्युरिटीच्या दृष्टीनं वेलँड चांगलं, एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात काय टाइप होतंय ते चोरून बघता येत नाही, मान्य. पण केडीई या डेस्कटॉपवर वेलँड असेल तर आयबस किंवा तशीच टायपिंगची दुसरी सोय फिसिटिक्स हे 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं, म्हणजे ज्याला पडद्यावरचा कीबोर्ड नकोच आहे तो तिथे जाईल कशाला, आणि मग मराठी येत नाही म्हणून मला फोन. रिमोटवरून मशीन बघायची काही सॉफ्टवेअर पण वेलँडवर अडतात, म्हणजे फोन आला तरी गाडी काढून जावंच लागतं. हे वेलँड बनवणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं आणि ते आपणच, मराठी टाइप करणाऱ्यांनी, बग नोंदवून पोचवायला हवं. हा खरा वाद, तो घाला की.

पण तो बनवणाऱ्यांमध्ये घाला. मॅडमसमोर कशाला? सरांसमोर कशाला?

केरळनं हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. तिथे शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, आता त्याचं नाव काइट. शाळेतल्या मशीनवर काय असावं ते त्यांनी एकदा ठरवलं, उबंटू घेऊन त्यात आपल्या अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर आणि मल्याळम टायपिंग घालून स्वतःची आवृत्ती केली, आणि सगळ्या शाळांना तीच. मास्तरांना ट्रेनिंग दिलं. २०१९ मध्ये २ लाखांवर मशीनवर ही आवृत्ती जाणार आणि त्यातून ३००० कोटी रुपये वाचणार असं तिथल्या प्रकल्पानं सांगितलं होतं. रकमेवर कोणी वाद घालेल, घालू दे, पण तिथल्या आठवीतल्या पोराला पन्नास डिस्ट्रोंतून निवडावं लागलं नाही आणि मास्तर अडला तर त्याच्याकडेही तेच मशीन असलेला दुसरा मास्तर शेजारच्या शाळेत असतो, हे खरं बळ आहे. नुसतं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून हे झालेलं नाही.

उलट जर्मनीत म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये ठरवून दहा वर्षांत सुमारे १५ हजार मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. राजकारण त्यात होतंच, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या आणि त्या तक्रारींवर बोट ठेवूनच उलटं फिरता आलं. आता त्याच देशातलं श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य ३० हजार मशीनवर लिब्रेऑफिस नेतंय, त्यांनी आधी ऑफिस, मग मेल, आणि लिनक्स त्यानंतर असा क्रम धरलाय. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो आणि मी पण आता तेच करतो, गिऱ्हाइकाच्या विंडोजवरच आधी लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाकून देतो, दोन-तीन महिने हात बसू देतो, मग खालची सिस्टम बदलली तर त्याला विशेष काही वाटत नाही.

आपल्याकडे काय कमी आहे सांगा. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं मुख्यालय पुण्यात, बॉस लिनक्स हे डिस्ट्रो सी-डॅकचं, केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरायचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. एमएस-सीआयटीची सेंटर गावोगाव, तिथे शिकवणारी पोरं हुशार. त्या प्रत्येक सेंटरवर एक जरी मशीन लिनक्सचं ठेवलं आणि एक जण प्रिंटर आणि मराठी टायपिंग एवढंच शिकून घेईल तर तालुक्याला पुरेल. आणि लिनक्सवाल्या मंडळींना हात जोडून सांगतो, तुमच्या तालुक्यात नवीन माणसाला द्यायचं डिस्ट्रो एकच ठरवा. मिंट ठरवा, उबंटू ठरवा, डेबियन ठरवा, माझी काही हरकत नाही, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आर्च ठेवा, पण महिन्यातून एक रविवार वाचनालयात टेबल टाकून बसा आणि जो येईल त्याला तेच एक घालून द्या, म्हणजे पुढच्या वेळी अडला तर कोणीही सोडवू शकेल. एकेकाळी उबंटूच्या सीड्या फुकट घरपोच यायच्या, २०११ पर्यंत ते चालू होतं, आमच्या पिढीतले कितीतरी जण त्या सीडीवर शिकले. आता सीडी नको, पेनड्राइव्ह आहे, माणूस मात्र हवा.

शासनाकडे एकच मागणी, ज्या सरकारी साइटवर डिजिटल सहीचा टोकन लागतो तिथली सॉफ्टवेअर लिनक्सवर पण चालतील अशी द्या आणि तपासून द्या. ग्रामपंचायतीचं सगळं काम लिनक्सवर होत असताना त्या एका सहीसाठी विंडोजचं मशीन ठेवावं लागतं. आणि सगळी परिपत्रकं युनिकोडमध्येच काढा.

पेपर वाचून कोणी उत्साहानं उद्याच सुरुवात करेल म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. तुमचं काम टॅलीवर, कोरलड्रॉवर, फोटोशॉपवर किंवा ऑटोकॅडवर असेल तर ते मशीन बदलू नका, ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीनं ती चालवायचा प्रयत्न धंद्याच्या मशीनवर करू नये. अवघड मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट लिब्रेऑफिसमध्ये अडू शकतात, आधी उघडून बघा. बाकी ऑफिसकाम, शाळा, घरचं मशीन, वाचनालय यांनी पेनड्राइव्हवर मिंट घेऊन त्याच्यावरूनच मशीन चालू करावं, इन्स्टॉल न करता, त्यानं हार्डडिस्कवरचं काही पुसलं जात नाही. त्यात आपला प्रिंटर दिसतो का, वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का हे तासभर तपासावं. सगळं पटलं तरच इन्स्टॉल, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं आणि ती जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क मशीनपासून काढून ठेवावी, कारण इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क पुसण्याचा पर्याय समोरच असतो आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही.

आपला नियमित वाचक,
कराड, जि. सातारा